घरांसाठी फिरलेला माणूस : थॉमस गथ्री

स्मरणिकेसाठी काहीतरी लिही, असा संपादक मंडळाचा निरोप आला तेव्हा शाळेच्या आठवणी लिहाव्यात असंच आधी मनात आलं. पण त्या इतर मित्रमैत्रिणी माझ्यापेक्षा चांगल्या लिहितील. मी आज एका परक्या देशातल्या, दीडशे वर्षांपूर्वी वारलेल्या माणसाबद्दल लिहिणार आहे. तरीही हा लेख आपल्या स्मरणिकेत का, ते आधी सांगते.

शाळेच्या मागे, पाण्याच्या टाकीपलीकडे, कौलारू खोल्यांची एक ओळ होती, ती तुम्हाला आठवत असेल. मधल्या सुट्टीत तुमच्यापैकी कितीतरी जण तिथे पाणी मागायला यायचे. त्यातली तिसरी खोली आमची. बाबा शाळेत शिक्षक होते म्हणून ती आमची होती, आणि बाबा निवृत्त झाले त्या उन्हाळ्यात ती आमची राहिली नाही. शाळेने काही वावगं केलं नाही, नियमच तसा होता. बाबांचा निरोपसमारंभ झाला, शाल-श्रीफळ दिलं, भाषणं झाली. त्यानंतर चार दिवसांनी आईने खोली झाडून, सारवून, किल्ली शिपाईमामांच्या हातात दिली आणि तुळशीचं रोप डालड्याच्या डब्यात घालून बरोबर घेतलं. भाषणांतलं मला आज काही आठवत नाही. तो डबा आठवतो.

काही वर्षांपूर्वी मुलीकडे एडिनबरोला गेले होते. तिथे प्रिन्सेस स्ट्रीटच्या बागेत एका पाद्र्याचा पुतळा आहे. झगा घातलेला, उंच, आणि अंगाशी एक फाटक्या कपड्यांतलं पोर. नाव लिहिलेलं होतं, थॉमस गथ्री. चौकशी केली, पुढे बरंच वाचलं. नोकरीबरोबर मिळणारं घर नोकरीबरोबर जातं तेव्हा काय होतं, या प्रश्नासाठी या माणसाने आयुष्यातलं एक अख्खं वर्ष आणि आपली तब्येत घातली होती. म्हणून हा लेख.

गथ्रींचा जन्म १२ जुलै १८०३ रोजी स्कॉटलंडच्या पूर्वेकडच्या ब्रीखिन या लहान गावी झाला. वडील व्यापारी आणि सावकारी पेढीचे चालक, पुढे गावचे प्रमुखही झाले. घरात मुलंबाळं पुष्कळ. थॉमस बाराव्या वर्षीच एडिनबरोच्या विद्यापीठात गेले. त्या काळी तिथे इतक्या लहान वयात जाण्याची चाल होती. धर्मशास्त्राबरोबर त्यांनी शरीरशास्त्र आणि रसायनशास्त्रही शिकून घेतलं. १८२५ मध्ये त्यांना प्रवचन करण्याचा परवाना मिळाला, पण मंडळी मिळाली नाही. पाच वर्षं तशीच गेली. त्यातला एक हिवाळा त्यांनी पॅरिसला जाऊन तिथल्या इस्पितळांत वैद्यकी शिकण्यात घालवला. परत आल्यावर घरच्या अडचणीमुळे दोन वर्षं ब्रीखिनची पेढी सांभाळली. पेढीवर बसून माणसं ओळखायला शिकलो, ही गोष्ट ते पुढे आयुष्यभर मानत आले.

मंडळी न मिळण्याचं कारण समजायला स्कॉटलंडच्या चर्चची रीत थोडी समजून घ्यावी लागेल. तिथलं राष्ट्रीय चर्च प्रेस्बिटेरियन पंथाचं. या पंथात बिशप नाही. प्रत्येक मंडळीचा कारभार पाळक आणि मंडळीने निवडलेले वडील मिळून पाहतात. अनेक मंडळ्यांची मिळून एक प्रेस्बिटरी आणि सगळ्यांच्या वर दरवर्षी भरणारी महासभा. सगळे पाळक दर्जाने सारखे. अशा चर्चमध्ये पाळक कोण असावा हे मंडळीनेच ठरवणं ओघाने येतं. पण १७१२ मध्ये पार्लमेंटने कायदा करून तो हक्क पुन्हा जमीनदारांकडे दिला. ज्याची जमीन, त्याचा पाळक. तेव्हा एखाद्या बड्या घराची मर्जी असल्याशिवाय तरुण पाळकाला जागा मिळणं कठीण होतं. खुद्द गथ्रींना १८३० मध्ये आर्बिर्लॉटची मंडळी मिळाली ती ब्रीखिन परिसरातल्या एका मोठ्या जमीनदाराच्या शब्दामुळेच. पुढे ज्या पद्धतीविरुद्ध ते उभे राहिले, तिचाच लाभ त्यांनी आधी घेतला होता, हे सांगायला हवं.

जागा मिळाली म्हणजे घरही मिळालं. पाळकाच्या घराला स्कॉटलंडमध्ये मॅन्स म्हणतात. राहण्याची जागा अशा अर्थाच्या जुन्या लॅटिन शब्दावरून ते नाव आलं. १६६३ च्या कायद्याने गावच्या जमीनमालकांवर बंधन होतं, की पाळकाला योग्य घर बांधून द्यायचं आणि त्याची डागडुजी करायची. त्याशिवाय पाळकाला कसायला थोडी जमीन, आणि एक घोडा व दोन गाई पोसतील इतकं गवत. गावात जमीनदाराच्या वाड्याखालोखाल मॅन्सला मान. वाटसरू तिथे उतरायचा, आजारी माणूस तिथे औषध मागायला यायचा, पत्र वाचून घ्यायला म्हातारी यायची. मॅन्समध्ये वाढलेली मुलं पुढे डॉक्टर, वकील, प्राध्यापक झाली. स्कॉटलंडमध्ये आजही मॅन्सचा मुलगा म्हटलं की पुस्तकं भरपूर आणि पैसा बेताचा अशा घरातला मुलगा, असं लोक समजतात.

पण मॅन्स पाळकाचं नव्हतं, पदाचं होतं. पाळक वारला की विधवेला मुलांसह ते सोडावं लागे. या बायकांच्या हालांमुळेच १७४४ मध्ये स्कॉटलंडच्या पाळकांनी विधवा आणि अनाथ मुलांसाठी निधी उभारला. किती पाळक दरवर्षी मरतील, मागे किती विधवा राहतील याचं गणित मांडून उभारलेला तो जगातल्या पहिल्या अशा निधींपैकी एक. म्हणजे घर जाण्याची भीती त्या लोकांना नवी नव्हती. फक्त ती मरणाबरोबर यायची.

आर्बिर्लॉटच्या मॅन्समध्ये गथ्री सात वर्षं राहिले. त्याच वर्षी लग्न झालं होतं. पत्नी ॲन याही ब्रीखिनच्या पाळकाच्या कन्या, म्हणजे मॅन्समध्येच वाढलेल्या. मुलं तिथेच झाली. गथ्रींनी गावात बचतपेढी काढली, वाचनालय काढलं, आणि पॅरिसला शिकलेली वैद्यकी गावच्या आजाऱ्यांसाठी वापरली. १८३७ मध्ये त्यांना एडिनबरोच्या ओल्ड ग्रेफ्रायर्स चर्चमध्ये बोलावणं आलं. या शहरात पाळकाला मॅन्स मिळत नसे. शेतं आणि समुद्राकाठ सोडून ते काउगेटच्या वस्तीत येऊन पडले. उंच जुन्या इमारती, एकेका खोलीत दोन-दोन कुटुंबं, जिन्यांवर अंधार, आणि दारूची दुकानं पावलोपावली. गथ्री रोज त्या जिन्यांवरून चढायचे. १८४० मध्ये या वस्तीसाठी बांधलेलं सेंट जॉन्स चर्च त्यांच्याकडे आलं. तेव्हा चर्चमधली बाकं भाड्याने देण्याची पद्धत होती. इथे मात्र तळमजल्यावरची बाकं वस्तीतल्या गरिबांसाठी फुकट ठेवण्यात आली.

इकडे पाळक कोणी नेमायचा हा वाद पेटत होता. महासभेने १८३४ मध्ये ठराव केला, की कुटुंबप्रमुखांच्या बहुमताने नकार दिला तर जमीनदाराचा उमेदवार त्या मंडळीवर लादता येणार नाही. लगेच ऑख्टरार्डर गावाचं प्रकरण उभं राहिलं. तिथल्या ३३० कुटुंबप्रमुखांपैकी २८७ जणांनी उमेदवार नाकारला, त्याच्या बाजूने सही केली दोघांनी. प्रकरण न्यायालयात गेलं. न्यायालयाने, आणि १८३९ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने, कौल दिला तो जमीनदाराच्या बाजूने. चर्चच्या अंतर्गत कारभारात शेवटचा शब्द कुणाचा, चर्चचा की सरकारी न्यायालयाचा, असा सरळ प्रश्न उरला.

१८ मे १८४३ रोजी एडिनबरोच्या सेंट अँड्र्यूज चर्चमध्ये महासभा भरली. अध्यक्षांनी निषेधाचं पत्र वाचलं, टेबलावर ठेवलं आणि ते दाराकडे निघाले. त्यांच्यामागे एकेक करत रांगच लागली. ही माणसं उतारावरून चालत टॅनफील्ड हॉलमध्ये गेली आणि तिथे फ्री चर्च ऑफ स्कॉटलंड स्थापन झालं. डॉ. थॉमस चामर्स त्याचे पहिले अध्यक्ष. राजीनाम्याच्या कागदावर अखेर ४७४ पाळकांच्या सह्या झाल्या, म्हणजे साधारण दर तीन पाळकांमागे एकाची. गथ्री त्यांतले एक. त्या एका सहीने पगार गेला, चर्चची इमारत गेली आणि मॅन्स गेलं.

या घटनेची दोन चित्रं प्रसिद्ध आहेत. डेव्हिड ऑक्टेव्हियस हिल यांनी सह्यांचा समारंभ रंगवला. शेकडो चेहरे हुबेहूब यावेत म्हणून त्यांनी त्या वेळी अगदी नवी असलेली फोटोची कला वापरली आणि तेवीस वर्षं खपून ते चित्र पुरं केलं. दुसरं चित्र जॉर्ज हार्वी यांचं. त्यात सभा नाही. एक पाळक कुटुंबासह मॅन्सच्या दारातून बाहेर पडतो आहे, एवढंच. मला दुसरं जवळचं वाटतं, त्याचं कारण तुम्हाला आता माहीत आहे.

आपल्याकडेही याचे पडसाद उमटले. मुंबईत १८२९ पासून काम करणारे डॉ. जॉन विल्सन आणि त्यांचे स्कॉटिश सहकारी सगळेच्या सगळे फ्री चर्चच्या बाजूने गेले. त्यांनी मेहनतीने वाढवलेल्या शाळेची वास्तू जुन्या चर्चकडे राहिली आणि त्यांना विद्यार्थी घेऊन नव्याने मांडामांड करावी लागली. त्याच संस्थेचं पुढे चौपाटीवरचं विल्सन कॉलेज झालं. आपल्यातले काही जण तिथे शिकले आहेत.

स्कॉटलंडच्या खेड्यांत मात्र परिस्थिती बिकट होती. गाव जमीनदाराचं, त्यामुळे भाड्याने खोली देणाऱ्यालाही धाक. कुणी पाळक गोठ्याशेजारच्या खोलीत राहिला, कुणी बायकोमुलांना दूरच्या शहरात ठेवून एकटा मंडळीजवळ राहिला. काही जमीनदारांनी चर्च बांधायला वीतभर जागा दिली नाही. स्ट्रॉन्शियनच्या लोकांनी शेवटी लोखंडी तरंगतं चर्च बांधून घेतलं आणि १८४६ मध्ये ते खाडीत नांगरून ठेवलं. उपासनेला माणसं जितकी जास्त, तितकं ते पाण्यात खाली जाई. उत्तरेकडच्या टंग गावचे वृद्ध पाळक मॅकेंझी आणि त्यांचे मदतनीस असलेले चिरंजीव, दोघांनी मॅन्स सोडलं. कुटुंबाला दूर पाठवून बापलेक एका लहानशा बिऱ्हाडात राहिले. १८४५ मध्ये दोघेही आजारी पडून थोड्याच दिवसांच्या अंतराने वारले.

पाळकांच्या पोटाची सोय चामर्सनी केली होती. सगळ्या मंडळ्यांनी वर्गणी एका निधीत टाकायची आणि त्यातून श्रीमंत शहरातल्या व गरीब बेटावरच्या पाळकाला सारखाच वाटा द्यायचा, अशी ती योजना. चर्चच्या इमारतीही भराभर उभ्या राहत होत्या. राहिली होती ती घरं. पाळकांना ती मागायला संकोच वाटत होता. तत्त्वासाठी बाहेर पडलेल्या माणसाने छपराची तक्रार कशी करायची?

ती तक्रार गथ्रींनी त्यांच्या वतीने केली. जुलै १८४५ ते जून १८४६ या काळात ते मॅन्स निधीसाठी स्कॉटलंडभर फिरले. त्या वेळी सगळीकडे रेल्वे पोचली नव्हती. घोडागाडीने, बोटीने, पायी, हिवाळ्यातसुद्धा. रोज एखादी सभा, कधी दोन. ते उत्तम वक्ते होते, पण या सभांमध्ये ते धर्माचे सिद्धान्त मांडत नसत. पेढीवर बसलेला माणूस बोलावा तसे बोलत. कुठल्या पाळकाच्या खोलीत पाणी कुठून गळतं, मुलं किती, चूल कुठे, मॅन्स सोडल्यावर घरातलं कोण गेलं, असं एकेक घर लोकांपुढे उभं करत. लोक हसत, रडत आणि आकडा लिहीत. ग्लासगोच्या व्यापाऱ्यांनी हजारांनी दिले, खेड्यांतल्या मजुरांनी शिलिंगांनी. वर्षभरात १ लाख १६ हजार पौंडांची वर्गणी कबूल झाली. गथ्री शहरातले पाळक. या निधीतून त्यांना स्वतःला घर मिळायचं नव्हतं.

या फ्री चर्चने पैशाच्या बाबतीत सगळं स्वच्छच केलं, असं मात्र नाही. स्थापनेनंतर लगेच त्यांनी अमेरिकेत वर्गणी मागितली होती. त्यात गुलाम बाळगणाऱ्या दक्षिणेकडच्या मंडळ्यांकडून आलेला पैसाही होता. १८४६ मध्ये, म्हणजे गथ्री घरांसाठी फिरत होते त्याच वर्षी, स्वतः गुलामीतून सुटून आलेले फ्रेडरिक डग्लस स्कॉटलंडच्या गावोगावी सभा घेऊन तो पैसा परत करा म्हणून सांगत होते. फ्री चर्चने तो परत केला नाही. स्वतःच्या घरासाठी लढणाऱ्यांना दुसऱ्याचं घर दिसतंच असं नाही, हेही या इतिहासात आहे.

या दगदगीने गथ्रींचं हृदय दुखावलं. पुढे बराच काळ डॉक्टरांनी त्यांना व्यासपीठावर चढू दिलं नाही. पण त्याआधी, १८४७ मध्ये, त्यांनी एका पुस्तिकेतून दुसरंच काम हाती घेतलं होतं. त्यांच्या वस्तीतली मुलं मॅन्समधून बाहेर पडली नव्हती. त्यांना घर असं कधी नव्हतंच. भीक, चोरी, तुरुंग, आणि पुन्हा तेच. पोर्टस्मथचे एक अपंग चांभार जॉन पाउंड्स आपल्या दुकानात अशा मुलांना शिकवत. त्यांचं चित्र गथ्रींनी एका खानावळीच्या भिंतीवर पाहिलं होतं आणि ते त्यांच्या डोक्यातून गेलं नव्हतं. ॲबरडीनमध्ये शेरीफ वॉटसन यांनी १८४१ मध्ये जेवण देणारी शाळा काढली होती. त्याच धर्तीवर एडिनबरोच्या किल्ल्याजवळ गथ्रींची शाळा सुरू झाली. सकाळी अंघोळ, मग लापशी, मग अक्षरं, मग शिवणकाम किंवा चांभारकाम. आधी पोट, मग पाटी. आपल्याकडे शाळेत खिचडी सुरू झाली तेव्हा ज्यांनी नाकं मुरडली, त्यांना हे सांगावंसं वाटतं.

या शाळेतही वाद झाला. मुलांना बायबल शिकवण्यावर गथ्री अडून बसले. कॅथलिक आईबापांच्या मुलांचं काय, असं विचारणाऱ्यांनी वेगळं होऊन दुसरी शाळा काढली. आपण आज कुणाच्या बाजूने उभे राहिलो असतो ते ज्याने त्याने ठरवावं. शाळा मात्र दोन झाल्या आणि मुलं दोन्हींत शिकली. १८५४ मध्ये अशा शाळांसाठी स्कॉटलंडपुरता कायदा झाला. १८७२ च्या कायद्याने तिथे सगळ्या मुलांना शाळा सक्तीची केली. गथ्री त्या कायद्याचे पुरस्कर्ते होते आणि तो झालेला त्यांनी पाहिला.

१८६२ मध्ये ते फ्री चर्चच्या महासभेचे अध्यक्ष झाले. दोन वर्षांनी तब्येतीमुळे मंडळी सोडली आणि एका मासिकाचं संपादन केलं. उन्हाळ्यात लॉख लीच्या काठी मासे पकडायला जाणं हा त्यांचा शेवटपर्यंतचा आनंद. २४ फेब्रुवारी १८७३ रोजी इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर सेंट लेनर्ड्स येथे ते वारले. एडिनबरोच्या ग्रेंज दफनभूमीत त्यांना नेलं, तेव्हा मोठमोठ्या लोकांबरोबर त्यांच्या शाळेची मुलंही चालत गेली. बागेतला पुतळा १९१० चा. शिल्पकार पॉमरॉय यांनी त्यांच्याबरोबर पोर दाखवलं, मॅन्स नाही. दगडाच्या घरांचे पुतळे होत नाहीत. स्कॉटलंडच्या खेड्यांत ती घरं स्वतःच उभी होती.

आता पुन्हा आपल्या शाळेकडे. मागच्या खोल्या पाडून तिथे सायकल स्टँड झाल्याचं कळलं. ते योग्यच झालं, कौलं गळायचीच. बाबा आज नाहीत. आई आहे, आणि ती स्नेहसंमेलनाला येणार आहे. त्या ओळीत राहिलेल्या आणखी दोघी काकूही येणार आहेत. व्यासपीठावर आपल्या गुरुजनांचा सत्कार होईल, तो व्हायलाच हवा. माझी विनंती एवढीच, की सत्कार झाल्यावर कुणीतरी या तिघींच्या शेजारी बसावं आणि किल्ली दिल्यानंतर त्या कुठे गेल्या, पहिला पावसाळा कसा काढला, हे विचारावं. इतक्या वर्षांत त्यांना ते कुणी विचारलेलं नाही. आईच्या तुळशीचं रोप आजही आहे. चार वेळा कुंडी बदलली.